शनिवारची नागपंचमी

प्रताप माझ्या वर्गात होता तेव्हा जर्मनमधला एकच शब्द नीट शिकला. गेनाऊ. म्हणजे बरोबर, अगदी तसंच. समोरच्याचं बोलणं कळलं की गेनाऊ, नाही कळलं की आणखी जोरात गेनाऊ, वर मान हलवायची. मी व्याकरण शिकवायला लागले की हा मागच्या बाकावर फोन बघत बसायचा. त्या एका शब्दावर त्यानं फ्रँकफर्टच्या कंपनीत इतकी वर्षं काढली, टाउनुसच्या डोंगरात घर घेतलं आणि आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष होऊन बसला. आणि घर कुठे घ्यावं माणसानं? नेमकं माझ्या शेजारी. कुंपणाला कुंपण लागून.

मी मालिनी. पुण्याहून आलेल्या इंजिनिअर पोरांना जर्मन शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आता निवृत्त आहे. माझा नवरा दिनकर लुडविग्सहाफेनला रसायनांच्या कारखान्यात होता, तोही निवृत्त. तो आता टोमॅटो लावतो आणि कुणाबद्दल वाईट बोलत नाही. आमच्या घरातलं ते काम मी करते.

प्रतापची बायको स्नेहलता. तीही माझ्याच वर्गातली, पण पहिल्या बाकावरची. जर्मन अशी शिकली की मला शिकवायला लाज वाटावी. गावातल्या औषधांच्या दुकानात अर्धा दिवस काउंटरवर असते, आणि इथल्या म्हाताऱ्या रांगेत उभ्या राहतील पण गोळ्या हिच्याकडूनच समजावून घेतील. अशी बाई घरात पाऊल टाकलं की निम्मी होते. अहो, हो, चालेल, बघते. एवढ्यावर तिचा संसार. मुलगी ओवी बॉनला शिकायला गेल्यापासून तर तेवढंही बोलायला कुणी नाही. मला तिची कीव यायची आणि कीव आली की माझं डोकं तापतं. बाई अगदी गरीब गाय.

दोन वर्षांपूर्वी तिचा भाऊ गेला. शरदचंद्र. एकुलता एक, लग्नाचं जमत आलेलं, कराडजवळ मोटरसायकलवर होता आणि ट्रकनं उडवलं. हिला जायचं होतं. प्रताप म्हणाला, "आता जाऊन काय करणार? जे व्हायचं ते झालं. आणि पुढच्या आठवड्यात मंडळाचा कार्यक्रम आहे, शंभर माणसांचा स्वयंपाक कोण बघणार?" तिनं भावाचे दिवस लॅपटॉपवर पाहिले. मध्येच चित्र अडकायचं. मग ती उठून शंभर माणसांची कोशिंबीर करायला गेली. मी त्या कार्यक्रमाला गेले नाही आणि का गेले नाही ते प्रतापला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, गेनाऊ.

त्याच उन्हाळ्यात तिच्या बागेत साप आला.

आमचं गाव श्लांगेनबाडच्या शेजारचं. श्लांगेन म्हणजे साप, तेव्हा इथे साप निघाला तर बोंब मारायचं कारण नाही. या सापाला एस्कुलाप-नाटर म्हणतात. नाटर म्हणजे बिनविषारी साप, आपल्या धामणीच्या जातीचा. लांब, तपकिरी, अंगावर तेल लावल्यासारखी चकाकी. औषधांच्या दुकानाच्या पाटीवर काठीला विळखा घातलेला असतो तोच हा, असं स्नेहलता म्हणते. सगळ्या जर्मनीत मोजक्याच जागी उरलाय, त्यातली एक जागा आमचे हे डोंगर. कुजणाऱ्या पाल्याच्या उबेत अंडी घालतो. जर्मन लोकांनी त्याच्यासाठी जंगलाच्या तोंडाशी छान रंगीत पाटी लावली आणि मग आपापल्या बागांमध्ये खडी ओतली. समोरच्या फ्राउ केसलरच्या, म्हणजे केसलरबाईंच्या बागेत मुंगीसुद्धा सापडायची नाही. एक चिनीमातीचा बेडूक आहे, त्याला ती दर शनिवारी पुसते.

स्नेहलताच्या बागेत मात्र मागच्या कोपऱ्यात कंपोस्टचा ढीग होता. भाज्यांची देठं, गवत, पानं. प्रतापला वास यायचा म्हणून तो तिकडे फिरकत नसे, आणि म्हणूनच बहुधा सापाला ती जागा आवडली. एका दुपारी कुंपणावरून स्नेहलतानं मला हाक मारली. ढिगाच्या कडेला ओळीनं पांढरी लांबुळकी अंडी होती आणि शेजारी कात पडलेली.

"ताई, शरद आला," ती म्हणाली.

तुम्हाला ती गोष्ट ठाऊक असेल. एकीचा भाऊ जातो, ती अन्नपाणी सोडून बसते आणि समोर साप येतो, तोच आपला भाऊ असं ती मानते. म्हणून पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावाचा उपास करतात. मला असल्या गोष्टी झेपत नाहीत. मी म्हटलं, "अगं, अंडी घातलीत त्यानं. मादी आहे ती. तुझा भाऊ कसला?"

तिनं थोडा विचार केला. "मग वहिनी असेल," ती म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी हसली. भाऊ लग्नाआधीच गेलेल्या बाईला वहिनी मिळत असेल तर मी कोण मध्ये बोलणार?

त्या वर्षी पिल्लं निघाली. पुढच्या वर्षीही निघाली, पण दोन्ही वेळा हिच्या हाती रिकामी टरफलंच लागली, पिल्लं दिसली नाहीत. ही रोज संध्याकाळी ढिगापाशी स्टूल टाकून बसायची, लांबूनच. पंचमीच्या आदल्या दिवशी उपास करायची. प्रताप म्हणायचा, "भाऊच नाही तर उपास कुणाचा?" ती म्हणायची, "असू दे हो." एवढंच.

या वर्षी प्रतापच्या डोक्यात स्विमिंग पूल शिरला.

मंडळाच्या खजिनदाराकडे पूल झाला, मग अध्यक्षाकडे नको? जागा कुठे, तर तोच कोपरा, कारण तिथे ऊन येतं. त्यानं गवतावर स्प्रेनं लाल रेघा मारल्या. ढीग बरोबर मधोमध. स्नेहलतानं त्याला सांगितलं की अहो, अंडी आहेत, या सापाला कायद्यानं संरक्षण आहे, नाटुरशुट्झच्या कचेरीला कळलं तर खणायला देणार नाहीत. नाटुरशुट्झ म्हणजे इथलं निसर्ग सांभाळणारं खातं. तिला वाटलं कायद्याचं नाव काढलं की नवरा थांबेल. पण प्रताप तो प्रताप.

"म्हणजे कळायच्या आत उरकायला हवं," तो म्हणाला आणि त्यानं बागर ठरवला. खणायच्या यंत्राला इथे बागर म्हणतात. बागर येणार सोमवारी.

आता गंमत ऐका. त्या सोमवारी नागपंचमी होती.

नागपंचमीला खणायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, हे प्रतापच्या आईनं त्याला लहानपणी सांगितलं असणारच. त्याला आठवलंही. पण या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला उपाय असतो. मंडळाचे सगळे सण शनिवारी होतात, कारण इतर दिवशी लोकांना सुट्टी नसते. जर्मनीत गुढी शनिवारी उभी राहते, कोजागरीचा चंद्रही शनिवारी उगवतो. तेव्हा नागपंचमीही शनिवारी, आणि या वर्षी ती अध्यक्षांच्या बागेत, खऱ्या सापाच्या ढिगापुढे. "एकदा आपली पंचमी शनिवारी झाली," त्यानं बायकोला समजावलं, "की सोमवार मोकळा. मग खणायला हरकत नाही."

शनिवारी पूजा करायची आणि सोमवारी अंड्यांवर यंत्र घालायचं. मला हे स्नेहलतानं कुंपणापाशी सांगितलं तेव्हा माझ्या हातातली कात्री खाली पडली. मी आजवर ढोंगी माणसं पुष्कळ पाहिली, पण ढोंगाला कॅलेंडर लावणारा हा पहिलाच.

"आत्ताच्या आत्ता फोन कर कचेरीला," मी म्हटलं.

"नवऱ्याविरुद्ध तक्रार करू? मग त्याच घरात राहायचंय मला, ताई."

"मग मी करते."

"त्यांना लगेच कळेल. ढिगाबद्दल माहीत असलेलं दुसरं कोण आहे? माझ्यामुळेच तुम्हाला कळलं, असं म्हणतील." ती जाळीवरून बोट फिरवत राहिली. "पिल्लं निघायला अजून दोन आठवडे लागतील. अंडी उचलून दुसरीकडे ठेवावीत तर फिरवल्यानं मरतात, असं वाचलंय. ढीग आहे तसाच राहायला हवा. तुम्ही काही करू नका. मी बघते."

मी बघते. हे मी तिच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं. मी बघते म्हणायची आणि मग शंभर माणसांची कोशिंबीर करायची. मी रागानं घरात गेले आणि दिनकरला म्हटलं, "ही काय बघणार? ही सोमवारी खिडकीत उभी राहून बघणार." दिनकर म्हणाला, "तुला फोन करायचा असेल तर कर." पण तिनं नको म्हटलं होतं. मी फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. सोमवारी सकाळी त्या यंत्रापुढे आपणच खुर्ची टाकून बसायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

शनिवारी सकाळी चहा पिताना फोन वाजला. आमच्या गल्लीतल्या शेजाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यात कुणाची मांजर हरवली आणि कुणी कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला एवढंच असतं. इथे घरी पार्टी असली तर शेजाऱ्यांना आधी कळवायची पद्धत आहे. तर प्रतापनं कळवलं होतं. जर्मन स्वच्छ होतं, एकही चूक नाही, आणि मजकूर असा:

"प्रिय शेजाऱ्यांनो, आज दुपारी आमच्या बागेत कोब्राचा सण आहे. आमचा कोब्रा दोन वर्षांपासून बागेत मोकळा राहतो. यंदाही त्यानं अंडी घातली आहेत. तीस पाहुणे त्याला दूध द्यायला येणार आहेत. थोडा आवाज होईल, कृपया समजून घ्यावं. मुलांचं विशेष स्वागत."

खाली प्रतापचं नाव, मंडळाचं पद, आणि फणा काढलेल्या नागाचं मोठं रंगीत चित्र.

मी दिनकरला वाचून दाखवलं. त्याला ठसका लागला. "अगं, त्याला सांग. हा साप म्हणजे कोब्रा नव्हे. लोक घाबरतील."

"मी का सांगू? अध्यक्ष आहे ना तो? आयुष्यभर म्हणत आला, ताई, मला येतं जर्मन. येतं ना, मग भोग." मला खरंच वाटलं की हे दिवे त्यानंच लावलेत. फक्त एक गोष्ट खटकली. सगळी क्रियापदं जागच्या जागी होती. मी त्यावर जास्त विचार केला नाही, कारण तेवढ्यात फ्राउ केसलर बाहेर आली, कुत्रा उचलला आणि दार लावून घेतलं. पाठोपाठ तिची शटरं खाली आली. मग तिच्या शेजारचीही.

दुपारी मंडळी जमली. पुण्या-मुंबईची सगळी हुशारी एका बागेत. गॉगल लावून, नऊवारी नेसून, ढिगापुढे फोटो. एकानं विचारलं, "साप बाहेर येईल ना? रील करायचंय." प्रताप सोवळ्यात होता, म्हणजे वरती रेशमी उपरणं आणि खाली मोज्यांसकट सँडल. त्यानं भाषण केलं. आपली संस्कृती निसर्गाला देव मानते, या जर्मन लोकांना आता कुठे निसर्ग कळायला लागला, वगैरे. बोलताना त्याचे पाय लाल रेघेवर होते. सोमवारी इथेच खड्डा होणार होता हे तीस पाहुण्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मी कुंपणाच्या आमच्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते. त्याच्याकडे जाऊन फराळ करायची माझी इच्छा नव्हती.

मग त्यानं दुधाची पातेली उचलली. ढिगावर अभिषेक करायचा होता. एवढं दूध ढिगात मुरलं तर अंडी सोमवारपर्यंतही टिकायची नाहीत. मी उठले. पण स्नेहलता आधीच पुढे आली होती. "अहो, आधी आरती," ती म्हणाली, "नैवेद्य मागाहून." आणि पातेली त्याच्या हातातून घेऊन लांब टेबलावर ठेवली. ती टेबलावर ठेवताना तिनं रस्त्याकडे पाहिलं. वाट बघत असलेलं माणूस पाहतं तसं.

आरतीचं दुसरं कडवं चालू असताना पोलिसांची गाडी आली. मागून अग्निशामक दलाची. मागून आणखी एक छोटी गाडी, तिच्यातून उंच बूट घातलेली एक तरुण बाई उतरली, हातात लांब आकडा आणि झाकणाची पेटी. सापांची जाणकार, नाव फ्राउ लिंडनर. आरती मध्येच विरली. टाळ वाजवणारा एकटाच थोडा वेळ वाजवत राहिला.

"सगळे हळूहळू मागे या," पोलीसबाई म्हणाली. "कोब्रा कुठे आहे?"

मंडळातले निम्मे लोक कोब्रा ऐकून खुर्च्यांवर चढले. एवढा वेळ यांनी फोटोत त्याच सापाच्या ढिगापुढे हात जोडले होते, तो धामणीसारखा निरुपद्रवी आहे हे कुणाला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची गरजही कुणाला वाटली नव्हती.

प्रतापचा चेहरा उतरला. तो बायकोकडे वळून मराठीत दबक्या आवाजात म्हणाला, "कोब्रा कशाला लिहिलंस तू?"

तेव्हा कुठे मला कळलं की ते जर्मन कुणाचं होतं.

"नाग म्हणजे कोब्राच ना, अहो," स्नेहलता म्हणाली. आवाज नेहमीचाच, चालेल-बघतेवाला. "तुम्ही वाचलंत, म्हणालात, कोब्रा बरं वाटतं, वजन येतं. चित्रही तुम्हीच लावलंत."

आपल्याला वाचून कळलं नाही असं तीस माणसांसमोर म्हणायची त्याची तयारी नव्हती. मी कुंपणावरून म्हटलं, "प्रताप, मी बोलू का त्यांच्याशी?" मी हे अगदी गोड आवाजात विचारलं. मला त्याचं उत्तर पाठ होतं.

"ताई, तुम्ही नका मध्ये पडू. मला येतं जर्मन."

आणि तो बोलला. बंदी असलेला विषारी साप मोकळा सोडला असा आरोप येईल या भीतीनं त्याच्या तोंडाला कधी नव्हे ती धार आली. नाही, नाही, कोब्रा नाही. विषारी नाही. एस्कुलाप-नाटर आहे. आम्हाला चांगलं माहीत आहे, पाटीवर वाचलंय, दुर्मिळ आहे, संरक्षित आहे. दोन वर्षांपासून त्या ढिगात अंडी घालते, पिल्लं होतात, कुणाला काही करत नाहीत. बघा, तिथे, खालच्या बाजूला, आत्तासुद्धा अंडी आहेत. जे त्याला सोमवारपर्यंत लपवायचं होतं ते सगळं त्यानं स्वतःच्या तोंडानं, हात करून करून, सरकारी माणसांना दाखवलं.

फ्राउ लिंडनर गुडघ्यावर बसली. वरची पानं बोटांनी बाजूला केली, पाहिलं, पुन्हा अलगद झाकली. "खरंच की," ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की मला ती बाई एकदम आवडली. "या बाजूला आम्हाला अंड्यांची एकही जागा माहीत नव्हती."

पोलीसबाईची नजर मात्र गवतावरच्या लाल रेघांवर होती. तिनं विचारलं, हे काय आहे? प्रताप म्हणाला, स्विमिंग पूल. आपण बोलून बसलो हे त्याला नंतर कळलं. मग तिनं पाठ केल्यासारखं, सावकाश विचारलं. "म्हणजे हा साप कडक संरक्षणातला आहे, इथे त्याची अंडी आहेत, हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरीही तुम्ही नेमकं इथेच खणणार होतात?"

वाक्य लांब होतं. जर्मनमध्ये क्रियापद शेवटी येतं, तिथपर्यंत प्रतापचं लक्ष कधीच पोचत नाही. त्याला फक्त सूर ऐकू आला, प्रश्नाचा. त्यानं मान हलवली.

"गेनाऊ," तो म्हणाला.

मी कुंपणाला धरून उभी होते म्हणून बरं. दिनकर टोमॅटोंमध्ये खाली बसून हसत होता, आणि तो कधी कुणाला हसत नाही.

मग पुढचं सगळं जर्मन पद्धतीनं झालं. फ्राउ लिंडनरनं ढिगाभोवती खुंट्या ठोकल्या, लाल-पांढरी फीत बांधली. खणायचं काही असलं तर या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, आणि त्यानंतर विचारल्याशिवाय नाही, कचेरीतून रीतसर कळवलं जाईल. प्रतापनं तिथेच उभं राहून बागरवाल्याला फोन केला. खुर्च्यांवर चढलेले खाली उतरले. एकीनं विचारलं, "आता प्रसाद मिळणार ना?" दूध स्नेहलतानं घरात नेलं आणि त्याची खीर केली. लोक खाऊन गेले.

तुम्हाला वाटेल, प्रतापची मान खाली गेली असेल. अजिबात नाही. रविवारी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर त्याचा मजकूर आला, या वेळी मराठीत. अध्यक्षांच्या पुढाकारानं दुर्मिळ सापाच्या अधिवासाचं संरक्षण. सोबत फितीपुढे उभं राहिलेला त्याचा फोटो, उपरण्यासकट. तीसच्या तीस जणांनी अंगठे दाखवले. खुर्चीवर चढलेल्यांनी सगळ्यात आधी. मी ग्रुपमधून बाहेर पडले. खरं तर ते मी फार आधी करायला हवं होतं.

सोमवारी सकाळी स्नेहलता कुंपणापाशी आली. हातात झाकलेलं ताट होतं. पुरणाची दिंडं, वाफवलेली, कारण खऱ्या पंचमीला तवा ठेवायचा नाही. आदल्या दिवशी तिनं भावाचा उपास केला होता, तोंड जरा ओढलेलं दिसत होतं. मागे फितीच्या आत ढीग जसाच्या तसा होता.

मी एक दिंड उचललं. मग विचारलं, "स्नेहलता, नाटर आणि कोब्रा यांतला फरक मी तुला शिकवला होता. साप, विंचू, सगळे प्राणी, एक आख्खा धडा होता. आठवतं?"

"आठवतं की. नाटर बिनविषारी. परीक्षेत आलं होतं."

"मग?"

"मला शिकवलं होतंत, ताई," ती म्हणाली. "ह्यांनी तो धडा ऐकला नव्हता."

तिनं माझ्या हातावर आणखी दोन दिंडं ठेवली आणि तूप आणायला विसरले, असं म्हणत परत घरात गेली. मी तिथेच उभी राहिले. इतकी वर्षं मी या बाईची कीव करत होते, आणि कीव करण्यात मला बरंच बरं वाटत होतं. तो आनंद त्या सकाळी संपला. वाईट वाटलं नाही, पण जरा चुकल्यासारखं झालं.

ऑगस्ट संपता संपता एका दुपारी मला कुंपणावरून हाक आली. मी पदर खोचून धावत गेले, माझं वय धावायचं नाही तरी. स्नेहलता फितीच्या बाहेर, स्टूलवरून उठून गुडघ्यांवर बसली होती. ढिगाच्या कडेला पानं हलत होती आणि त्यातून पेन्सिलीएवढं एक पिल्लू बाहेर आलं. मानेपाशी पिवळे ठिपके, जीभ आत-बाहेर. मग दुसरं. मग मागून आणखी.

घरातून प्रतापचा आवाज आला, "काय झालं? कोण आलंय?"

तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हाकेला तिनं अहो म्हटलं नाही, हो म्हटलं नाही, बघते म्हटलं नाही. डोळ्यांतलं पाणी तिनं तसंच राहू दिलं.

"ताई," ती मला म्हणाली, "मी आत्या झाले."